खच्ची केलेला टिकल्या

"लंकाबाई, आधी बाहेर या! आणि तुमच्या टिकल्याला माझ्या ज्युलीवरून उतरवा!"

साधनाताईंची हाक आली तेव्हा लंकाबाई शेवंतीच्या वाफ्यात खुरपत होत्या. हातातलं खुरपं तसंच घेऊन त्या बांधावर आल्या आणि समोरचा प्रकार बघून जागीच थबकल्या. फाटकापाशी साधनाताईंची ज्युली उभी होती, पांढरीशुभ्र, पिंजलेल्या कापसासारखी. आणि तिच्या पाठीवर पुढचे दोन्ही पाय टाकून टिकल्या नको ते करत होता. जीभ बाहेर, डोळे कुठेतरी मखमलाबादच्या दिशेला, आणि तोंडावरचा भाव असा, की आपण हे का करतो आहोत ते त्याचं त्यालाही नीट कळलेलं नसावं.

"हाड! हाड मेल्या!" लंकाबाईंनी खुरपं उगारलं. टिकल्या मुकाट्याने खाली उतरला, बाजूला बसला आणि मागच्या पायाने कान खाजवू लागला.

"याचं ऑपरेशन झालंय म्हणाला होतात ना?" साधनाताईंनी विचारलं.

"झालंय की ताई! श्रावणातच झालं. तुमच्या डोळ्यांदेखत टेम्पोत घालून नेला."

"नेलेला मी पाहिला. केलेलं कुणी पाहिलंय?"

खरंच, केलेलं कुणीच पाहिलं नव्हतं. डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेरच्या बाकावर बसवलं होतं.

"हे बघा लंकाबाई, मी आषाढातच सांगितलं होतं. कुत्र्याचा बंदोबस्त करा, नाहीतर फाटक बंद. आता मला बोल लावू नका." एवढं बोलून साधनाताईंनी ज्युलीला काखोटीला मारलं आणि त्या बंगल्यात निघून गेल्या.

मखमलाबाद रस्त्याला तेव्हा शेतं आणि बंगले बरोबरीने होते. दर दिवाळीला एखादा मळा कमी व्हायचा आणि चार बंगले वाढायचे. पूर्वी लंकाबाईंच्या, म्हणजे विधात्यांच्या मळ्यातून कुठूनही निघालं तरी माणूस रस्त्याला लागायचा. मग या अंगाला प्लॉट पडले, त्या अंगाला कंपाउंड आलं, मागच्या बाजूला नाला तर पहिल्यापासून होताच. टेम्पो जाईल अशी एकच वाट राहिली. ती साधनाताईंच्या प्लॉटच्या कडेकडेने, त्यांच्या लोखंडी फाटकातून जायची. वाट त्यांच्या मालकीची, आणि फाटक उघडं राहायचं ते त्यांच्या भलेपणावर. साधनाताई बँकेतून मुदतीआधीच निवृत्त झालेल्या. यजमान नव्हते, मुलगा पुण्याला. सोबतीला म्हणून भाच्याने हे पामेरियन पिल्लू आणून दिलं होतं, आणि घरात घेताना ज्युलीला त्यांनी ओवाळलंसुद्धा होतं.

टिकल्याबद्दल त्यांची तक्रार उगाच नव्हती. तांबूस रंगाचं गावठी कुत्रं, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकल्या. ऑपरेशनच्या आधीची दोन-तीन वर्षं त्याने अशी काही गाजवली होती, की कॉलनीत ज्या कोपऱ्यावर जावं तिथे कपाळावर ठिपका असलेलं एखादं पोर बसलेलं दिसायचं. "जिकडे बघावं तिकडे याचंच तोंड," साधनाताई म्हणायच्या.

ऑपरेशनला लंकाबाईंचे यजमान बहिरू मुळीच तयार नव्हते. "बैलाला खच्ची करत्यात त्याला अर्थ हाय," ते म्हणाले होते. "त्याला औत ओढायचं असतं. कुत्र्याला काय नांगराला जुंपायचाय?" पण खालच्या अख्ख्या तुकड्यात दसऱ्यासाठी झेंडू लावलेला होता. फाटक बंद झालं तर पाट्या डोक्यावर घेऊन नाला ओलांडावा लागला असता, आणि दसऱ्याचा बाजार काही कुणासाठी खोळंबत नाही. झेंडूकडे बघून बहिरू गप्प बसले होते.

आता टिकल्याचं जायचं ते गेलं होतं आणि फाटकही जाणार असं दिसत होतं.

संध्याकाळी बहिरूंनी टिकल्याला ओट्यावर उताणा पाडला. मुलगा दीपक बॅटरी घेऊन वाकला.

"रिकामं हाय," बहिरूंनी निकाल दिला.

"मग करतो कशानं?" दीपकने विचारलं.

"मला काय इचारतो? त्याला इचार."

टिकल्या उताणा पडल्या पडल्या शेपूट हलवत होता. एवढं लक्ष त्याला बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं.

लंकाबाई भाकरी थापत होत्या, पण त्यांचं चित्त काही तव्यावर नव्हतं. जनावराच्या बाबतीत आपल्याला कोडं पडावं, हेच त्यांना सहन होत नव्हतं. दोन गावांत त्यांचा शब्द चालायचा. गाय माजावर आली की नाही, म्हैस गाभण आहे की नुसतीच फुगली आहे, हे सांगायला माणसं लंकाबाईंना सायकलवर बसवून न्यायची. त्या गोठ्याच्या दारात उभ्या राहून नुसत्या बघायच्या आणि सांगायच्या, आणि ते तसंच निघायचं. दीपकसाठी चाललेल्या सुनेच्या शोधापेक्षा त्यांच्या पारखीचीच चर्चा मळेकऱ्यांमध्ये जास्त होती.

तव्यावरची भाकरी करपायला आली आणि लंकाबाईंना एकदम पवळ्या आठवला.

"अहो! पवळ्या बैल आठवतो का? आपल्या लग्नानंतरचा?"

"त्याचं काय?"

"तो खच्ची केलेला. तरी कपिलेवर चढायचा का नाय?"

बहिरूंनी विचार केला. "चढायचा. कासरा तोडून चढायचा."

"पण कधी? रोज चढायचा का? कपिला माजावर आली की मगच! आणि ती खाली गपचीप उभी राह्यची. दुसरं जनावर अंगावर आलं आणि ती जागची हलली नाय, की समजायचं माजावर हाय. आज ज्युली कशी उभी होती? हललीसुद्धा नाय!"

दीपक हसला. "आई, ती गाय आणि हे कुत्रं."

"जनावर ते जनावर. आणि महिना कोणता चालू हाय? भादवा! कुत्र्यांचा महिना!" लंकाबाईंनी करपलेली भाकरी टिकल्यापुढे टाकली. "खा रे बाबा. तुझी काय चूक नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी, डोक्यावरचा पदर नीट करून, ओंजळभर गुलाब घेऊन लंकाबाई साधनाताईंच्या व्हरांड्यात हजर झाल्या.

"ताई, चूक टिकल्याची नाय. तुमची ज्युली माजावर आलीय."

साधनाताई कानाच्या पाळीपर्यंत लाल झाल्या. त्यांनी आधी रस्त्याकडे बघितलं, मग शेजारच्या खिडकीकडे. "हळू बोला हो!"

"हळू काय बोलायचं? चांगली गोष्ट हाय."

"म्हणजे... आमची ज्युली... मोठी झाली?" साधनाताईंच्या आवाजात काळजी होती आणि थोडं कौतुकही होतं. "पण मला तर काहीच दिसलं नाही."

लंकाबाईंनी ज्युलीला मागून पुढून बघितलं. केस एवढे होते, की म्हशीवर गोधडी टाकावी आणि मग तिची पारख करायला सांगावी तशातली गत. पण लंकाबाईंनी मान डोलावली. "या केसांत कुणाला काय दिसणार? म्हणून तर टिकल्या सांगतोय. खच्ची जनावर उगाच चढत नाय ताई. आमचा पवळ्या..."

पवळ्या आणि कपिला यांची हकीकत साधनाताईंनी अर्ध्या कपाळावर आठी आणि अर्ध्या कपाळावर उत्सुकता ठेवून ऐकली. ऐकून झाल्यावर त्यांनी लंकाबाईंना पाहुण्यांच्या कपातून चहा दिला. त्याला कारणही होतं. पिंपळगाव बसवंतला गोटीराम शेठ नावाचे द्राक्षांचे व्यापारी होते. साधनाताई तिथल्या शाखेत असल्यापासूनची ओळख. त्यांच्याकडे प्रिन्स नावाचा पामेरियन होता, आणि शेठनी फोनवर सांगून ठेवलं होतं, "ताई, वेळ आली की घेऊन या. एक पिल्लू आमचं, बाकी तुमची." बँकेतल्या तीन मैत्रिणींना साधनाताईंनी पिल्लं कबूलही करून टाकली होती. अडलं होतं ते वेळ ओळखण्यापाशी. विचारायचं कुणाला, आणि कोणत्या शब्दांत?

"लंकाबाई, तुम्ही आला नसतात तर ही वेळ निघून गेली असती. फाटकाचं मनावर घेऊ नका. दसराच काय, दिवाळीपर्यंत उघडं राहील."

लंकाबाई घरी आल्या त्या तरंगतच.

गाय वळूकडे न्यायची तशी लंकाबाईंनी ज्युलीची पाठवणी केली. कपाळाला हळदकुंकू लावलं, गुळाचा खडा भरवला. साधनाताईंनी तिच्या गळ्यात गुलाबी रिबीन बांधली आणि तिला मांडीवर घेऊन त्या टेम्पोत पुढे बसल्या. बाजूला लंकाबाई. दीपकने टेम्पो सुरू केला तसा टिकल्या उडी मारून मागे चढला आणि रिकाम्या पाट्यांवर जाऊन बसला. ती त्याची रोजचीच जागा.

"याला कशाला?" साधनाताई म्हणाल्या.

"राहू द्या मावशी," दीपक म्हणाला. "उतरवला तर हायवेपर्यंत मागं पळत येईल."

गोटीराम शेठचा बंगला कोल्ड स्टोरेजच्या बाजूलाच होता. अंगणात कांद्याच्या गोण्यांची थप्पी, गोण्यांपलीकडे टेम्पोंची रांग, आणि व्हरांड्यात पंख्याखाली, नुकतीच आंघोळ घातलेला, भांग पाडलेला प्रिन्स. शेठ सफारी घालून तयार होते. सोयरीक ठरवायला आल्यासारखं सगळ्यांना पाणी दिलं, पोहे दिले, आणि मग ज्युलीला खाली सोडलं.

ज्युली सोडल्या सोडल्या खाली बसली. बसली ती बसलीच. प्रिन्स जवळ आला, त्याने एकदा वास घेतला. ज्युली गुरकावली. प्रिन्सने जांभई दिली आणि तो परत पंख्याखाली जाऊन पडला.

"लाजतोय," लंकाबाई म्हणाल्या.

"आमचा प्रिन्स? लाजतोय?" शेठच्या मिशीला ते लागलं. "अहो, गेल्या खेपेला निफाडची आलती. चहा गाळून होईस्तोवर काम झालतं. तुमचीच तयार दिसत नाय."

"ज्युली तयार आहे," साधनाताई म्हणाल्या. त्यांनी लंकाबाईंकडे बघितलं. "आहे ना?"

"शंभर टक्के! थोडं दमानं घ्या. नवीन घर हाय..."

तेवढ्यात, इतकी माणसं एका जागी जमली आहेत आणि आपल्याला कुणी विचारत नाही, हे बघून टिकल्या टेम्पोतून खाली उतरला. आधी तो ज्युलीभोवती फिरला. मग लंकाबाईंभोवती. मग शेठनी "ए, हे कुणाचं?" म्हणून आवाज चढवला, तसा तो गडबडला, गर्रकन वळला, थेट पंख्याखाली गेला आणि पेंगुळलेला प्रिन्स उठून उभा राहतो न राहतो तोच त्याच्या पाठीवर चढला.

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.

प्रिन्स जागचा हलला नाही. भांग पाडलेल्या अवस्थेत, चारी पाय रोवून, समोर बघत उभा राहिला.

लंकाबाईंच्या डोक्यात सगळं गरगरलं. दुसरं जनावर अंगावर आलं आणि जो जागचा हलत नाही, तो माजावर. आजवर हा नियम कधी चुकला नव्हता. त्या हळूच मुलाच्या कानाशी गेल्या. "दीपक, तो प्रिन्स... नरच हाय ना रे?"

"आई, तू आता गप बस."

"ओ बाई!" शेठ गरजले. "ते तुमचं कुत्रं आधी माझ्या प्रिन्सवरून उतरवा!"

"काय होत नाय शेठ, खच्ची केलाय तो!"

"खच्ची केलाय तर वर बसून काय करतोय?"

"तेच तर आम्हाला कळंना!" लंकाबाई कळवळून म्हणाल्या.

दीपकने टिकल्याची मान धरून त्याला ओढला. आरडाओरडा ऐकून टिकल्या आणखीच भांबावला. हातातून निसटला, अंगणात गेला आणि एका कांद्याच्या गोणीवर चढला. तिथून हाकलला तेव्हा त्याने गोटीराम शेठचा सफारीतला पाय धरला. शेठ एका पायावर नाचत होते, प्रिन्स भुंकत होता, कोल्ड स्टोरेजवरची माणसं दारात येऊन तोंडाला रुमाल लावून हसत होती.

साधनाताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "लंकाबाई, ती कांद्याची गोणी पण माजावर आली आहे का?"

परतीच्या वाटेवर पिंपळगाव सुटायच्या आधी साधनाताई एवढंच म्हणाल्या, "दीपक, जरा बाजूला घे." त्या उतरल्या, हार्डवेअरच्या दुकानात गेल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तळहाताएवढं पितळी कुलूप होतं. ओझर गेलं, आडगाव गेलं, ते कुलूप ज्युलीच्या शेजारी त्यांच्या मांडीवर होतं. लंकाबाईंना दुसरीकडे बघवेना.

फाटकाशी उतरल्यावर लंकाबाईंनी हात जोडले. "ताई, कुलूप लावा. तुमचं फाटक, तुमचा हक्क. पण त्याआधी एकदा त्या डाक्टरला इचारू. त्यानं नीट काम केलं नसंल तर आम्हाला कळू द्या, आणि केलं असंल तर हे जनावर करतंय काय, ते तरी कळू द्या. नायतर मला झोप लागायची नाय."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून आले. ऑपरेशन त्यांनीच केलेलं, तेव्हा त्यांचंही नाव पणाला लागलेलं. त्यांनी टिकल्याला तपासलं, हात धुतले आणि खुर्चीत बसले.

"माझं काम चोख आहे. याच्यापासून पिल्लं होणं शक्य नाही."

"मग हे काय चाललंय याचं?" साधनाताईंनी विचारलं.

"अहो, हे दर वेळी त्याचसाठी नसतं. कुत्री खेळताना करतात, फार आनंद झाला की करतात, घाबरली की करतात. नर नरावर चढतो, मादीसुद्धा चढते. ऑपरेशन झालं तरी सवय राहतेच. पाहुणे आले, गर्दी झाली, आता काय करावं ते कळेना, की करतात. आपण कसं, गोंधळलो की डोकं खाजवतो? तसंच समजा."

हे सांगत असताना टिकल्या, कितीतरी दिवसांनी ओळखीचं माणूस भेटल्याच्या आनंदात, डॉक्टरांच्या चामड्याच्या बॅगेवर चढलेला होता.

"म्हणजे ज्युली माजावर नव्हतीच?" लंकाबाईंनी बारीक आवाजात विचारलं.

डॉक्टरांनी ज्युलीला बघितलं. "नाही. अजिबात नाही."

"आणि पवळ्या? आमचा बैल?"

"बैलाचं तुमचं बरोबर आहे, आजी. पण बैलाचं कुत्र्याला लावू नका."

लंकाबाईंनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची पारख चुकली होती, आणि तीही पिंपळगावच्या भर अंगणात. साधनाताईंना त्यांची दया आली असावी. त्यांनी कुलूप आणलं, फाटकाच्या कडीत अडकवलं, पण दाबलं नाही. "असू दे इथे उघडंच," त्या म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत बघू."

त्या दिवसापासून येता-जाता लंकाबाईंना ते उघडं कुलूप दिसायचं. वारा आला की कडीवर टकटक वाजायचं.

नवरात्र बसलं आणि मळ्यात झेंडूची तोडणी सुरू झाली. खंडेनवमीला तर सकाळपासून फाटक सताड उघडं होतं. टेम्पो यायचा, पाट्या चढायच्या, टेम्पो गणेशवाडीच्या फूलबाजारात जायचा, मोकळा होऊन परत यायचा. कुणाला मान वर करायला फुरसत नव्हती. आणि टिकल्या? टिकल्याने दोन दिवसांपासून ज्युलीचा पिच्छाच सोडलेला नव्हता. व्हरांड्यात दिसली की चढला, तुळशीपाशी दिसली की चढला.

"गोंधळलाय बिचारा," साधनाताई हसून म्हणाल्या. डॉक्टरांचं म्हणणं त्यांना आता पाठ झालं होतं. "एवढी माणसं, एवढे टेम्पो. त्याला सुचत नाहीये."

लंकाबाईंनी हातातली फुलं पाटीत टाकली आणि त्या बघत राहिल्या. ज्युली जागची हलत नव्हती. शेपूट एका अंगाला वळवून धरलेली. फाटकाबाहेर कॉलनीतली चार-पाच कुत्री उगाच येऊन बसली होती, आणि त्यांतली एकही दुसरीकडे बघत नव्हती. लंकाबाईंच्या आत काहीतरी हललं. गोठ्याच्या दारात उभं राहिलं की हलायचं तसं.

"ताई," त्या म्हणाल्या, "मला वाटतं, ही..."

"लंकाबाई." साधनाताईंनी कुलपाकडे बघितलं. मुद्दाम नसेल, पण बघितलं. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

लंकाबाईंनी पाटी जवळ ओढली. "गोंधळला की करतो."

"मग?"

"गोंधळलाय," लंकाबाई म्हणाल्या आणि पुन्हा झेंडूला लागल्या.

दुपारी ज्युली बराच वेळ दिसली नाही. शोधाशोध झाली तेव्हा ती खालच्या तुकड्यातून, तोडून झालेल्या झेंडूच्या सरीतून सावकाश चालत येताना दिसली. पांढऱ्या केसांत दोन पिवळ्या पाकळ्या अडकल्या होत्या. "अगं बाई, किती गोड दिसतेय," म्हणून साधनाताईंनी तिला उचलून घेतलं. दसरा झाला, झेंडू विकला गेला, साधनाताईंनी आपट्याची पानं देऊन लंकाबाईंना मिठी मारली. फाटक वाचलं असं सगळ्यांनीच धरून चालावं, असे ते दिवस होते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी हाक आली.

"लंकाबाई, बाहेर या! आणि बहिरूभाऊंनाही आणा!"

व्हरांड्यात जुन्या साडीच्या घडीवर ज्युली आडवी पडली होती. तिच्या पोटाशी चार पिल्लं. पांढरं त्यांत एकही नव्हतं. चारही तांबूस, आणि चौघांच्या कपाळावर पांढरा ठिपका.

साधनाताईंच्या एका हातात कुलूप होतं, दुसऱ्या हातात किल्ली. डॉक्टरांना त्यांनी आधीच फोन केला होता. ते येऊन पोचले होते आणि टिकल्याला तिसऱ्यांदा उताणा पाडून बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"शक्य नाही," ते म्हणाले. "हे शक्यच नाही."

"शक्य नाही? मग ही कपाळं बघा!"

"बघतोय. पण शक्य नाही. माझं काम चोख आहे."

"रिकामं हाय," बहिरूंनी साक्ष दिली.

"मग ही झाली कुठून?"

कुणालाच काही उमजेना. बहिरू पिल्लांकडून टिकल्याकडे आणि टिकल्याकडून डॉक्टरांकडे बघत राहिले. साधनाताईंना रडावं की ओरडावं ते ठरवता येईना. आणि डॉक्टर, नकळत, डोकं खाजवू लागले.

तेवढ्यात दीपक टेम्पो घेऊन आला. फाटकाशी त्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला, आणि मग खाली उतरला. वाटेत एक कुत्रं बसलं होतं आणि ते काही उठायला तयार नव्हतं. तरणंबांड, तांबूस, थेट व्हरांड्याकडे नजर लावून बसलेलं.

"ऊठ रे!" दीपक ओरडला. "आई, हा बघ, टिकल्याचा पोरगा. ऑपरेशनच्या आधीचा. दसऱ्यापासून इथून हलायलाच तयार नाय."

कुत्र्याने मान वळवली. कपाळावर पांढरा ठिपका.

व्हरांड्यातल्या सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग पिल्लांकडे, मग टिकल्याकडे. डॉक्टरांनी सुटकेचा श्वास एवढा मोठा सोडला, की ज्युलीने डोळे उघडले.

"म्हणजे टिकल्या..." साधनाताई हळूहळू म्हणाल्या, "टिकल्या यांचा आजोबा?"

"आजोबाच," डॉक्टर म्हणाले.

"आणि खंडेनवमीला ज्युली खरंच..."

"तेव्हा होती," लंकाबाई म्हणाल्या. "मी सांगणार होते ताई. पण तुम्ही कुलपाकडं बघितलं."

साधनाताई पायरीवर बसल्या. कुलूप मांडीवर ठेवलं. मग त्यांनी ते चार ठिपके बोटाने एकेक करून मोजले. "भाद्रपदात नव्हती तेव्हा हा चढला. दसऱ्याला होती तेव्हाही हाच चढला. मग याचं धरायचं काय?"

"तेच आम्हाला कळंना," लंकाबाई म्हणाल्या. मग त्यांना काहीतरी आठवलं, आणि ओढलेला चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी पदर खोचला, व्हरांड्याची पायरी चढून ज्युलीपाशी बसल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पण एक धरा ताई. ही आता आमच्या घरची सून झाली. नातसून लागती खरं तर... नाय, सूनच. टिकल्याच्या पोराची बायको. म्हणजे तुम्ही आमच्या विहीणबाई झालात."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? कपाळावर लिहिलेलं हाय, एकाच्या नाय, चौघांच्या. आता मला सांगा विहीणबाई, लेकीच्या सासरच्या वाटेला कुणी कुलूप लावतं का?"

साधनाताईंनी मांडीवरचं कुलूप बाजूला ठेवलं. बहिरू खाली बघून मिशीत हसत होते. डॉक्टर बॅग उचलायला वाकले, पण ती त्यांना लगेच काही मिळाली नाही. इतकी आनंदी माणसं एकदम बघून टिकल्याला राहवलं नव्हतं, तो पुन्हा बॅगेवर चढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लंकाबाई पदराखाली टोपली झाकून निघाल्या. टोपलीत बाजरीच्या भाकरी, शेपूची भाजी आणि डिंकाचा एक लाडू होता. बाळंतीण कुणाचीही असो, मार्गशीर्षात तिला एवढं तरी हवंच. फाटकापाशी त्या आल्या तर कडीत कुलूप नव्हतं. ते साधनाताईंच्या व्हरांड्याच्या जाळीच्या दाराला लागलेलं होतं, आतून, आणि जाळीपलीकडे ज्युली शांत झोपली होती.

"आता लावून काय उपयोग, विहीणबाई?" लंकाबाईंनी विचारलं.

"काही नाही हो," साधनाताई किल्ली शोधत म्हणाल्या. "पण आणलंय तर कुठेतरी लावायला नको?"